दिवेकर साहेबांचा सांडवा

दिवेकर साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका बांधावर पालथे पडले होते. मला वाटलं, गेले. ऊन असं होतं की सरड्यांनीसुद्धा रजेचा अर्ज टाकला असता. मी धावत गेलो, हाक मारली, तर साहेब मान न वळवता म्हणाले, "तुमची सावली पडतेय, बाजूला व्हा. तिसऱ्या खुंटीपाशी बांध बसलाय. चार बोटं." एक डोळा मिटून, हनुवटी मातीला टेकवून ते बांधाची पाठ न्याहाळत होते. त्याच बांधाची पातळी आम्ही दुर्बीण लावून दोनदा घेतली होती. ती तिसऱ्यांदा घेतली, तर साडेतीन बोटं निघाली. साहेबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. माझी बोटं बारीक आहेत."

सरकार गावोगाव मृद व जलसंधारणाची कामं करतं. शेतांना बांध, डोंगरांना चर, ओढ्यांना बंधारे. ती खरोखर झाली का, हे बघायला पुण्याहून एक माणूस पाठवतं. आमच्या भागात कैक वर्षं तो माणूस म्हणजे दिवेकर. मी त्या कामांवरचा कनिष्ठ अभियंता, म्हणजे साहेब ज्याचं काम बघायचे तो मी. आमचं नातं पहिल्या दिवसापासून सासूसुनेचं होतं, फक्त सासू शिव्या देत नव्हती.

साहेबांचा शर्ट पुढून मजुराचा आणि मागून अधिकाऱ्याचा असायचा. पोटावर काळी माती दिसली की समजायचं, आज निरेच्या बाजूला होते. तांबूस मुरूम दिसला की जिरायती पट्टा. दोन्ही दिसले की त्या दिवशी तालुक्यात दोन माणसांना जेवण गेलेलं नाही. त्यांची जीप बारामतीच्या एस.टी. डेपोवरून वळली की इंदापूर तालुक्यातले बांध आपोआप वीतभर उंच व्हायचे. वालचंदनगरच्या अलीकडे एक शेततळं तर त्यांचं नाव ऐकून लाजेनं फूटभर खोल गेलं. हे मी स्वतः दहा जणांना सांगितलं आहे, आणि त्यातल्या चौघांनी ते मलाच परत सांगितलं आहे, त्यामुळे आता ते खरंच असणार.

पण साक्षीदाराची गोष्ट मात्र घडलेली आहे, कारण ती माझ्यावर घडली. डोंगरउतारावर एका पातळीत चर खणतात तेव्हा मधे मधे न खणलेला मातीचा खुंट सोडायचा असतो. मूळ जमीन कुठवर होती आणि चर किती खोल गेला, हे त्या खुंटावरून मोजायचं. त्याला आम्ही साक्षीदार म्हणतो. एका टेकडीवर आमच्या चराची खोली वीतभर कमी पडत होती. तेव्हा आमच्या मुकादमानं सुचवलं की चर खाली नेण्यापेक्षा साक्षीदार वर न्यावा. आम्ही प्रत्येक खुंटावर मातीचा थर चढवला, वर गवताचा हिरवागार तुकडा थापला, पाणी मारलं. इतकं झकास झालं की एका शेळीनं ते खाऊन पाहिलं आणि तिलाही काही कळलं नाही.

दिवेकर साहेब आले. पहिल्या साक्षीदारापाशी उकिडवे बसले. गवताची शेंडी धरली आणि अलगद वर उचलली. सगळा थर टोपीसारखा हातात आला. साहेबांनी तो माझ्या हातात दिला. "धरा. उन्हाचं काम आहे, डोक्यावर काहीतरी असावं." मुकादम हसला. साहेब त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुमचीही आणतो, पुढच्या खुंटावर आहे." रागावणं नाही, नोटीस नाही. फक्त म्हणाले, "जाधव, एक चर तुम्ही स्वतः वीतभर खाली न्या. एकच. मग बाकीच्यांचं तुम्हीच बघाल." मी तो नेला. चार दिवस मला पेन धरता येत नव्हतं, जेवताना बायको घास भरवते की काय अशी वेळ आली. बाकीचे चर मी बरोबर खोलीवर नेले, कारण आता कमी खोली मला दुरून कंबरेत कळायची.

त्यांची वाक्यं ठरलेली असत. कुठंही गेले की फाईल पुढे करणाऱ्याला म्हणायचे, "कागद नंतर, आधी पाय." आणि चालत सुटायचे. सही दाखवली की म्हणायचे, "पाण्याला तुमची सही वाचता येत नाही." आणि बंधारा कितीही मोठा असो, कुणी कितीही फुशारक्या मारो, त्यांचा प्रश्न एकच: "किती अडवलं ते राहू द्या. जास्तीचं कुठून जाईल ते दाखवा." हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. इंदापुरात हायवेवरच्या एका हॉटेलात वेटरनं चहा काठोकाठ भरून आणला, तेव्हा त्यालाही विचारला. त्यानं बशी दाखवली. साहेब एवढे खूश झाले की म्हणाले, "याला आपल्या खात्यात घ्या."

आता त्या गावाची गोष्ट. बारामती आणि इंदापूरच्या शिवेवर ते आहे. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात आणि ते तसंच चालू राहावं अशी माझी इच्छा आहे. टेकाडावर उभं राहिलं की पलीकडे कॅनॉलखालचा ऊस दिसतो, आणि अलीकडे ह्यांच्या विहिरीत दगड टाकला तर आवाज दुसऱ्या दिवशी येतो. या गावानं माती नालाबांधासाठी सरकारदरबारी इतके खेटे घातले की सरपंच तात्यांच्या चपला कार्यालयाचा रस्ता तोंडपाठ म्हणत होत्या. तात्या म्हणजे सव्वाशे किलोचा माणूस, मनानं त्याहून मोठा, आवाजानं त्याहूनही. अखेर काम मंजूर झालं. ओढा अडवून मातीचा बांध घालायचा, आणि बांध भरला की जादा पाणी बाजूनं निघून जावं म्हणून कडेला वाट ठेवायची. ती वाट म्हणजे सांडवा. आराखड्यात सांडवा अठरा मीटर रुंद होता.

आणि अठरा मीटरच्या मधोमध बिरूआबांचं वाडगं आलं. बिरूआबांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. वडील, आजे कळप घेऊन पार कोकणात उतरायचे आणि पावसाळ्यात परत यायचे, तेव्हा मेंढरं ह्या दगडी कुंपणात बसायची. आता मेंढरू एकही उरलेलं नव्हतं. एक मुलगा वालचंदनगरला कामाला, दुसरा डाळिंब बघायचा. पण वाडगं होतं. आबा रोज सकाळी त्याचे दगड सारखे करायचे, आत कुणी नसताना.

मी रेघ मारायला गेलो तेव्हा आबा हात जोडून उभे राहिले. "साहेब, बांध आमाला पायजेच हाय. पर येवढं वाडगं ऱ्हाऊ द्या. म्हाताऱ्याची हाडं हाईत त्यात." म्हणजे वडिलांनी ते दगड वाहिले होते. मी पाहिलं तर वाडग्याखाली काळा फत्तरही होता, मशीनला महिना लागला असता. तात्यांना पावसाआधी बांध हवा होता, आबांना वाडगं हवं होतं, आणि मला दोघांचा आशीर्वाद हवा होता. मी रेघ आत घेतली. सांडवा नऊ मीटरचा झाला. मोजमाप पुस्तकात मात्र मी अठराच लिहिले, कारण आराखड्यात अठरा होते आणि माझं अक्षर चांगलं आहे.

आबांचं घर बांधाच्या खाली होतं, ओढ्याच्या काठाला. ज्याच्या वाडग्यासाठी मी सांडवा आखडला, तोच त्या बांधाखाली झोपत होता, हे तेव्हा आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

श्रावणात एक जोराची सर आली आणि बांध भरला. गावानं पाण्याची पूजा केली. नारळ इतके फुटले की दोन दिवस गावातल्या आमटीला खोबऱ्याचा वास होता. तात्या पाण्यात उभे राहिले तर पातळी इंचभर वर गेली, असं मी तेव्हाही म्हणालो होतो. तिसऱ्या दिवशी दिवेकर साहेब आले.

कागद नंतर, आधी पाय. ते बांधावर पालथे पडले, उठले, सांडव्यात उतरले आणि टेप सोडली. नऊ. मग माझ्याकडे बघितलं नाही, हे मला जास्त लागलं. सांडव्यापासून ओढ्याच्या कडेनं ते खाली चालत गेले, बांध फुटला तर पाणी जसं गेलं असतं तसे, आणि थेट बिरूआबांच्या ओट्यावर जाऊन टेकले. पाणी मागितलं, प्याले.

"आबा, घरात किती माणसं?"

"सात. थोरला रविवारी आला की आठ."

साहेबांनी वर बांधाकडे पाहिलं. तिथून तो आकाशाएवढा दिसत होता, आणि हे मी वाढवून सांगत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जाधव, परतीचा पाऊस अजून यायचा आहे. भरल्या बांधावर तो आला तर नऊ मीटरमधून जाईल का?"

मी म्हणालो, "बेताचा आला तर जाईल."

"बेताचा येईल असं लिहून देता?"

मी खिशातलं पेन आणखी आत सरकवलं.

आबांच्या लक्षात आलं. म्हातारा उठून उभा राहिला. "माझ्या वाडग्यापायी व्हय? मग पाडा की. आत्ता पाडा."

"पाडू नका, दिवाळीनंतर उचलून वर न्या," साहेब म्हणाले. "पण आज नाही जमणार. खाली काळा दगड आहे, त्याला महिना लागेल. रुंदी मिळत नाही तर खोली घ्यायची. आहे तेवढा सांडवा पुरुषभर खाली न्यायचा. निम्मं पाणी आजच सोडून द्यायचं."

ही बातमी गावात पोचायला जेवढा वेळ लागला, त्याच्या निम्म्या वेळात गाव बांधावर पोचलं. मी जेसीबी मागवला होता. तो सांडव्यात उतरला तसे तात्या आले, पुढे गेले आणि जेसीबीच्या बकेटमध्ये जाऊन बसले. मशीन पुढून खचलं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, येवढा लोड हिच्या पुस्तकात न्हाय."

दिवेकर साहेब गेले आणि तात्यांच्या शेजारी बकेटमध्ये बसले. जागा होती वीतभर. दोघं तिथं लग्नातल्या नवरा-नवरीसारखे बसून राहिले आणि सगळं गाव समोर उभं.

"साहेब," तात्या म्हणाले, "माझ्या बापानं ह्या गावाला पाणी बघितलं न्हाय. मी परवा बघितलं. आन् तुमी त्ये सोडायला आलाय."

"निम्मंच."

"निम्मं म्हंजे माघापतोर पुरंल. फुडं टँकर."

"हो. पुढे टँकर."

"तुमी गोड तरी बोला की हो."

"गोड बोलून पाणी उरत असतं तर बोललो असतो."

तात्यांनी बकेटच्या दातावरची माती बोटानं खरवडली. मग म्हणाले, "पाऊस न्हाय आला तर?"

"तर माझं चुकलं आणि तुमचं पाणी फुकट गेलं."

"मग?"

साहेब म्हणाले, "मग एक करू. मी मशीन परत पाठवतो. तुम्ही आजपासून पाऊस संपेपर्यंत आबांच्या ओट्यावर झोपायचं. रोज. तुम्ही झोपलात की माझी काही हरकत नाही."

तात्यांनी खाली आबांच्या घराकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, आणि तिथून बांध किती उंच दिसतो याचा त्यांनी हिशोब केला असावा. "मला कंबरेचं दुखणं हाय," ते म्हणाले. "वट्यावर न्हाय जमायचं." आणि उतरले. उतरताना साहेबांना हात दिला, पण तोंडाकडे पाहिलं नाही. एका म्हातारीनं मात्र साहेबांसमोर बोटं मोडली.

सांडवा खाली गेला. दुपारपासून दिवे लागेपर्यंत पाणी ओढ्यातून वाहत गेलं, आणि अर्धं गाव काठावर बसून ते जाताना बघत होतं. कुणी साहेबांना चहा विचारला नाही. ते बांधावर शेवटपर्यंत उभे राहिले. मी म्हणालो, "साहेब, चला आता." ते म्हणाले, "हे आपण सोडलंय. बघायला नको?"

त्या वर्षी परतीचा पाऊस आला तो असा, की अंगणात वाळत घातलेले पापडसुद्धा कुणी आत घेतले नाहीत. नऊ मीटर काय, माझ्या बाथरूमच्या नळीतून गेला असता. माघ सरता सरता विहिरी आटल्या आणि टँकर सुरू झाला. तात्यांनी पुण्याला तक्रार केली: भरलेला बांध तपासणी अधिकाऱ्यानं कारण नसताना रिकामा केला. वरून चौकशी लागली. वरचे साहेब कागद बघून म्हणाले, पुस्तकात तर सांडवा अठरा मीटर आहे, मग खणला कशासाठी. पुस्तक माझं होतं. दिवेकरांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांच्या खुलाशात दोनच वाक्यं होती, मी ती नंतर वाचली: पाऊस किती पडेल हे मला माहीत नव्हते. खाली सात माणसे झोपतात हे माहीत होते.

मी दोन दिवस आजारी पडलो. तिसऱ्या दिवशी मी एका कागदावर लिहिलं की सांडवा नऊ मीटरचाच होता, रेघ मी आत घेतली आणि अठरा हा आकडा खोटा आहे. तो घेऊन पुण्याला गेलो आणि चौकशीच्या टेबलावर ठेवण्याआधी दिवेकर साहेबांना दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला. म्हणाले, "उशीर झाला. पण वाक्यरचना बरी आहे." चौकशीत साहेब सुटले. माझी बदली अशा ठिकाणी झाली जिथे पाऊस एवढा पडतो की बांध घालायचा कुणाला, हेच समजत नव्हतं.

परत यायच्या एस.टी.त बसवायला साहेब स्वतः आले होते. मी म्हणालो, "साहेब, एक मोठा पाऊस आला असता तर तुमचं म्हणणं गावाला पटलं असतं." ते म्हणाले, "माझं म्हणणं पटावं म्हणून पाऊस मागू की काय मी? गाडी लागली, जा."

दिवाळीनंतर आबांनी आणि त्यांच्या धाकट्यानं वाडग्याचा दगड न् दगड उचलून वर माळावर नेला आणि जसंच्या तसं रचलं होतं. फत्तर उन्हाळ्यात फुटला. सांडवा अठरा मीटरचा झाला, तळ पुन्हा भरून मूळ पातळीला आणला. पुढच्या पावसाळ्यात बांध काठोकाठ भरला आणि जास्तीचं पाणी सांडव्यावरून आठ दिवस चादरीसारखं पडत होतं. साहेब तेव्हा निवृत्त झालेले होते. तरी एस.टी.नं बारामतीला उतरून, तिथून वडापच्या जीपनं गावापर्यंत, बघायला आले होते, असं मला आबांनी सांगितलं. तात्या भेटले नाहीत. तात्यांना त्या दिवशी नेमकं इंदापूरला काम निघालं होतं.

साहेब गेल्या वर्षी गेले. पुण्यात, झोपेत. मुलगी परदेशात, ती येईपर्यंत अंत्यविधी थांबवला होता. चौथ्या दिवशी मी त्या गावी गेलो, कारण मला वाटलं, तिथं कुणीतरी सांगायला हवं. आबांच्या ओट्यावर बसलो. तात्याही आले, आता काठी घेऊन, वजन निम्मं झालेलं. मी सांगितलं. आबा उठले. आत जाऊन सुनेला म्हणाले, आज चूल पेटवू नकोस. आपल्या घरात माणूस गेल्यावर करतात तसं.

तात्यांना ते फार झालं. काठी आपटून म्हणाले, "आबा, वंगाळ माणूस न्हवता, मी न्हाय म्हणत न्हाय. पर तुमी त्याचं सुतक धरताय? आख्ख्या गावाचं पाणी घालवलं त्यानं. आन् पाऊस तर आलाच न्हाय. त्ये इसरला व्हय?"

आबा परत ओट्यावर येऊन बसले. आतून नातवंडांचा गलका येत होता. आता घरात किती जण आहेत, मी मोजलं नाही.

"न्हाय इसरलो," आबा म्हणाले. "पाणी गेलं हुतं, तात्या. त्ये फुडल्या वर्साला परत आलं की."